डोळा ठेवून छाटावे

मी, खाली सही करणारी, या घराची मालकीण, जन्मभर शिवणकाम केलेली बाई, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. ज्याला शंका असेल त्याने समोर येऊन वाद घालून पाहावा.

घर व मागची बाग ही माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. घर आणि बँकेतली शिल्लक मुलाला. त्याने आधी छपराची गळती काढावी, मग रडावे. शिवणयंत्र धाकट्या बहिणीला, कारण तिने ते कधीचेच उसने नेले आहे आणि परत देण्याचे नाव नाही.

बागेबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे. शेजारी राहणारे माझे धाकटे दीर, म्हणजे आमचे भावजी, यांचा तिच्यावर पहिल्यापासून डोळा आहे. झाडे काढून तिथे त्यांना गाडीसाठी शेड घालायची आहे. यजमान गेल्यावर पेरूचे झाड नुसतेच उंच वाढले. शेंड्याला लागत ते पेरू पोपट खात. मी करवत घेतली आणि झाड कमरेइतके खाली आणले. भावजी कुंपणावरून ओरडले, "वहिनी, मारलंत की हो झाड! याला पुन्हा पेरू लागला तर मिशी उतरवीन!"

"कापायला घाबरले असते तर पोट कशावर भरलं असतं, भावजी?" मी म्हटले.

पुढच्या हंगामात फांद्यांना टेकू द्यावे लागले. पहिली टोपली भावजींकडे मी स्वतः नेली. पेरूंवर वस्तरा ठेवला होता. भावजी शब्दाला जागले, हेही येथे नोंदवते. तो आनंद मला अजून पुरतो आहे.

आता सूनबाई. नवी असताना तिच्या हाती कात्री देऊन मी सांगितले, "डोळा ठेवून काप." डोळा म्हणजे फांदीवर जिथून नवा कोंब फुटतो ती जागा. बिचारीने फांदीवर नजर रोखली आणि ती बुडापासून उडवली. वर म्हणाली, "अहो आई, ठेवला होता की डोळा! पापणीसुद्धा लवू दिली नाही." हसून हसून मी खालीच बसले. आज तीच मला अडवते, "आई, हा डोळा आत बघतोय. बाहेर बघणाऱ्याच्या वर कापा, नाहीतर फांद्या एकमेकींत घुसतील." तिचे बरोबर असते. मला तिचा फार अभिमान वाटतो.

सबब बाग, झाडे, कात्री, करवत व शिडी सुनेला. मुलाने फक्त शिडी धरावी. दरवर्षी फळ उतरल्यावर छाटणी व्हावी. शेड होऊ नये.

भावजींनी विचारलेच, "वहिनी, आमच्या नावे काही?" वकीलबाई म्हणतात, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. म्हणून साक्षीचा मान भावजींना. ते वाचण्याआधी सही करतात, हे मला ठाऊक आहे. पेरू मात्र मी आहे तोवर माझ्या हातूनच त्यांना मिळत राहतील.

स्थळ : पेरूखाली
दिनांक : यंदाच्या छाटणीचा दिवस

लिहून ठेवणार : (सही)
साक्षीदार : वकीलबाई (सही)
साक्षीदार : धाकटे दीर (सही)

सही केल्यावर वाचले. वहिनी, जिंकलात. वस्तरा पाठवून द्या.