आईचं एक वाक्य आणि अर्धं मिनिट

ती. ताईस,

आधी तुझ्या पायाला नमस्कार, मग तुला. प्लास्टरच्या आत खाज सुटते असं दाजींकडून कळलं. (विणकामाची सुई आत घालू नका असं डॉक्टर म्हणाले म्हणे, म्हणजे तू घातलीच असणार.) तू माझा फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. पत्र वाजत नाही, त्यामुळे ते कापताही येत नाही.

तर नाटकाचं. आईने आयुष्यात पहिल्यांदा रंगमंचावर पाऊल ठेवायचं आणि नेमकं त्याच आठवड्यात तू जिन्यावरून पडायचं, यात माझा काही दोष नाही. माझा दोष तिथून पुढे सुरू होतो. तुला घरबसल्या थेट प्रयोग दाखवतो, माझं पोटच त्यावर चालतं, असं मी छाती ठोकून सांगितलं. ते खरंही आहे. ऑफिसात मी दिवसभर व्हिडिओच आवळून लहान करत असतो. (मी टीव्ही दुरुस्त करतो असं दाजी अजून लोकांना सांगतात. राहू दे.) एन्कोडर नावाचा आमचा प्रोग्रॅम दर वेळी अख्खं चित्र पाठवत नाही, मागच्या चित्रापेक्षा काय बदललं तेवढंच पाठवतो. जे हलतं, चमकतं, त्यावर सढळ हाताने खर्च करतो. जे गप्प बसलंय त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. आणि आपल्या आईची भूमिका कोणती, तर सगळं नाटकभर खुर्चीत गप्प बसलेली घरमालकीण, शेवटी एकच वाक्य. तिच्यामागे टिकल्यांचा पडदा, वर गरगरणारा पंखा. तालमीला मी सगळं जोडून पाहिलं. हॉलचं इंटरनेट आधीच मरतुकडं, त्यात जे काही जात होतं ते त्या टिकल्यांनी खाल्लं. पडद्याची टिकली न् टिकली दिसत होती, आईच्या तोंडाच्या मात्र चौकोनी फरश्या झाल्या होत्या.

मी दिग्दर्शकांकडे गेलो. (ते निवृत्त दंतवैद्य आहेत. समोरच्याला बोलता येत नाही असं धरूनच ते बोलतात.) म्हणाले, "पडदा काढला तर घराचं वैभव कसं दिसणार?" मी म्हटलं, "पडदा ठेवला तर माझी आई कशी दिसणार?" आमचं असं जुंपलेलं असताना आईला गार वारा लागला, म्हणून तिने उठून पंखा बंद केला. पडदा हलायचा थांबला आणि तिचा चेहरा परत आला, अगदी गालावरच्या तिळासकट. प्रयोगाला सगळे घामाने निथळले, पण पंखा मी लावू दिला नाही.

शिवाय चित्राचा आकार निम्मा केला, आणि मध्येच अडकू नये म्हणून थोडा साठा करून मग पुढे सोडायची सोय केली. त्यामुळे हॉलमध्ये घडलेलं तुझ्या फोनवर अर्ध्या मिनिटाने दिसणार होतं. एवढं एकच तुला सांगायचं राहिलं.

मग ती वेळ आली. आई उठली. घर बळकावायला आलेल्या भाच्याकडे तिने नीट पाहिलं आणि म्हणाली, "घर माझं आहे, आणि मी अजून जागी आहे." ताई, मग नुसत्या टाळ्या. माझे डोळे भरून आले, आणि तेवढ्यात तुझा मेसेज, 'आई कधी बोलणार?' मी त्याच भरात लिहिलं, 'झालं की, काय झकास बोलली ना?' तुझ्याकडे ती तेव्हा खुर्चीतून उठलीही नव्हती. आपलं हुकलं असं समजून तू चिडून फोन बंद केलास, आणि पुन्हा लावलास तोवर आई नमस्कार करत होती. बरं, कॉम्प्युटरवर ताण नको म्हणून मी रेकॉर्डिंगही बंद ठेवलं होतं. एवढं सगळं जमवलं आणि ऐन वेशीवर येऊन आपटलो.

दुखणं लवकर उतरो, आणि राग त्याच्याही आधी.

तुझा,
धाकटा

ता. क. आईला सगळं खरं सांगितलं. ती म्हणाली, "तुझ्या त्या यंत्रापेक्षा बस बरी." रविवारी ती तुझ्याकडे येऊन प्रयोग करणार आहे, सोबत भाचा झालेले गृहस्थ आणि दंतवैद्य. बैठकीची खोली रिकामी ठेव. हातांची खुर्ची लागेल. माझं तिकीट अजून काढलेलं नाही. तू माझा फोन उचललास तरच काढायचं, असं आईने बजावलंय.

आणखी एक. आईचं वाक्य आता एकच राहिलेलं नाही. तिने स्वतःच बरीच वाढवलीत, दंतवैद्यांना पत्ता नाही. मी म्हटलं, ताई कंटाळेल गं. ती म्हणाली, "कंटाळू दे. पाय प्लास्टरमध्ये आहे, जाईल कुठे?"