बारकीचा डी ड्राइव्ह

३ फेब्रुवारी

चि. सौ. बारकीस,
अ. उ. आ.

फोनवर आपण तिसऱ्या वाक्याला भांडतो, म्हणून आई म्हणाली, लिहून कळव. दुकानातला कॉम्प्युटर म्हातारा झालाय. आपली भांडणं मिटवायला बाबांनी त्याच्या हार्ड डिस्कचे दोन भाग केले होते, सी माझा आणि डी तुझा. माझा सी काठोकाठ भरलाय. शिवलेल्या कोटांचे फोटो गिऱ्हाइकांना दाखवावेत म्हटलं, तर ठेवायला जागा नाही. तुला सासरी जाऊन नऊ वर्षं झाली, तुझा डी नुसता बसून आहे. तो काढून माझ्या सीला जोडावा म्हणतो. होकार लेखी पाठव. तोंडी होकार तू फिरवतेस हा अनुभव आहे.

आईचा गुडघा बरा आहे. लोभ आहेच, तो राहू दे.

तुझा,
दादा

११ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

होकार नाही. तुला बोट दिलं की तू हात धरतोस. माझ्या खोलीत कपडे बेतायचे कागदी नमुने 'दोन दिवसांपुरते' ठेवलेस. आता छतापर्यंत गठ्ठे आहेत, खाट माळ्यावर गेली आणि माझी पिशवी अडकवायचा खिळासुद्धा उपटलास. मागच्या खेपेला मी शिवणयंत्राखाली पाय घालून झोपले, सकाळी तळपायातून टाचणी काढली.

डीमध्ये माझे निबंध आहेत, मैत्रिणींचे फोटो आहेत आणि 'उघडू नये' नावाचं एक फोल्डर आहे. यातलं मला काही लागत नाही, हे खरं. पण त्या घरात माझं म्हणून तेवढंच उरलंय. तेही गेलं तर मी तिथे पाहुणीच. वाईट वाटतं रे, हसू नकोस.

आईला नमस्कार. लोभ कमी करू नकोस, जागा आधीच कमी आहे.

तुझी,
बारकी

१७ फेब्रुवारी

चि. सौ. बारकीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आईने मोठ्याने वाचलं, त्यामुळे हसायची सोय नव्हती. आलेलं गिऱ्हाईकही माप न देता ऐकत बसलं. कोटांच्या फोटोंचं मी सोडलं. डी मात्र हवाच, कशाला ते विचारू नकोस. तुझं सगळं आधी कॉपी करून ठेवतो. 'उघडू नये' मी उघडणार नाही, आईची शपथ. शपथ घेताना आई समोरच होती.

तुझा,
दादा

२३ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

काढ. मी रागावलेली आहे, हे लक्षात ठेवून काढ.

बारकी

२० मार्च

चि. सौ. बारकीस,
अ. उ. आ.

डी गेला. तुझं सामान बचावलं, पण थोडक्यात. कॉम्प्युटरवाल्याने विचारलं, कॉपी कुठे ठेवलीत? मी सांगितलं, 'सुरक्षित' नावाचं नवं फोल्डर केलंय, डीमध्येच. त्याने चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि सगळं पेन ड्राइव्हवर उतरवलं. मग डी पुसला, तर पडद्यावर त्याच्या जागी मोकळ्या जागेची नुसती काळी पट्टी आली. ही आता कोणाची, असं आईने विचारलं. कोणाचीच नाही म्हटल्यावर तिला चैन पडेना, शेवटी ती पट्टी सीला जोडली तेव्हा ती चहा प्यायली.

त्या जागेत काय ठेवलं ते ऐक. तुझ्या खोलीतल्या एकेका नमुन्याशेजारी मापाची टेप ठेवून फोटो काढला. चारशे बारा नमुने. सगळे कॉम्प्युटरमध्ये बसले आणि गठ्ठे रद्दीत गेले. खोली रिकामी आहे. खाट माळ्यावरून उतरवली, टाचण्या लोहचुंबकाने वेचल्या.

'उघडू नये' मी उघडलं नाही. आईने उघडलं. त्यात तीन पानांची कादंबरी आहे म्हणे, आणि तिच्यातल्या खलनायकाला माझं नाक आहे. आई चौथं पान मागते आहे. ते तुझ्या खोलीत बसून लिही.

खिळा ठोकलाय, जरा तिरका बसलाय. त्यावरून भांडायला ये, पत्र लिहू नकोस.

तुझाच,
खलनायक