गालिच्यावरची पावलं

३ मार्च १९७४
पोचले एकदाची किडरमिन्स्टरला, घरकामाच्या नोकरीवर! मिसेस टँडी दारातच म्हणाल्या, "ग्लेनिस ना? ये पोरी, आधी चहा घे, घर कुठं पळून जात नाही." त्यांचे यजमान गालिच्यांच्या गिरणीत होते, त्यामुळे घरभर लालभडक लोकरी गालिचा, अगदी भिंतीपासून भिंतीपर्यंत. मला मागची खोली दिलीये, खिडकीतून कालवा दिसतो. वेल्समधल्या आमच्या घरी एवढी ऊब कधीच नव्हती.

५ मार्च
पहिला पराक्रम: चहाचा कप लवंडला. मी ओलं फडकं घेऊन धावले तर बाई ओरडल्या, "घासतेस काय? टिप!" मग शिकवलं. पांढरं कोरडं फडकं दाबायचं, उचलायचं, पुन्हा दाबायचं, कडेकडून मध्याकडे. शेवटी व्हिनेगरचं पाणी. डाग गायब! खूश होऊन म्हणाल्या, आधीच्या ब्रॉनवेनला हे महिनाभर जमलं नव्हतं. ती कुठे असते, विचारलं. "एके सकाळी दिसेनाशी झाली," एवढंच.

९ मार्च
सकाळी बैठकीच्या मधोमध ओला डाग. अनवाणी पाऊल, पाचही बोटं स्पष्ट, माझ्यापेक्षा लहान. टिपला. फडकं कोमट झालं. बाई म्हणतात, तो रोजच उमटतो, रोजच टिपायचा.

१४ मार्च
काल कंटाळून डाग तसाच ठेवला. आज त्याच्यापुढे दुसरं पाऊल. दोन्ही बाहेरच्या दाराकडे निघालेली. टिपायला वाकले तर अगदी कानाशी हुंदका. धावत बाईंना सांगितलं. त्या चहात साखर ढवळत होत्या. "ब्रॉनवेन ती. तू टिपत राहा, म्हणजे बसते जागेवर. दारापर्यंत पोचली तर या घराला दुसरं कुणीतरी लागेल."
म्हातारपणी काहीही बोलतात, असं मनाला सांगितलं. पण हुंदका मी ऐकलाय.

१५ मार्च
नाही टिपणार. एका मुलीची वाट मी रोज पुसत होते आणि वर शाबासकी घेत होते. बाई म्हणाल्या, "पस्तावशील गं."

२४ मार्च
शेवटचं पाऊल पायपुसण्यावर. दार उघडलं. रस्त्यावर बारीकशी मुलगी, अनवाणी, पळत सुटलेली. मी आनंदानं हाक मारली. तिनं वळून पाहिलं, तोंडावर हात धरला, आणि पुन्हा पळाली.
दार लागलं. मी नाही लावलं.

तारीख माहीत नाही
कडी हाताला लागत नाही. बाई समोरून जातात, बघत नाहीत. बैठकीतून दारापर्यंत बारा पावलं. दिवसाला एकच पडतं —

नवी मुलगी आलीये. मॉर्ना. ओरडले. ऐकू जात नाही. तिनं माझं पाऊल टिपलं — छातीवर दगड ठेवावा तसं — आणि मी पुन्हा बैठकीत.

पुन्हा बैठकीत.

पुन्हा.

मॉर्ना तापानं पडलीये. कुणी टिपत नाही. बाईंना वाकता येत नाही. पाच पावलं झाली.

नऊ. वरून तिचा खोकला ऐकू येतो. गोड पोर आहे, काम करताना गुणगुणते. मी सुटले तर तिला — नको. तो विचार नको.

अकरा. दार हातभर —

जिन्यावर कुणीतरी. मॉर्ना. चेहरा उतरलाय, हातात फडकं. खाली वाकतेय. मॉर्ना, नको, फक्त आजचा दिवस, एकच पाऊल, मॉर्ना, मी जवळजवळ —