वयाने मोठा कोच पाहिजे

१४ सप्टेंबर, रविवार
बायकोला, मिरानला जाऊन आज आठवडा झाला. गांगनुंगला, तिच्या बहिणीकडे. भांडण वगैरे काही नाही. ती फ्रिज पुसत होती आणि मी फ्रिज कसा पुसावा ते सांगत होतो, एवढंच. बॅग भरताना म्हणाली, बांग ग्योंगहो, जन्मात एकदा तरी कुणाचं ऐकून दाखव. कुणाचंही. चुसोकच्या आत ऐकलंस तर सणाला घरी येईन. नाहीतर मी तिकडेच बरी.
एवढंच ना? ऐकायला काय जातंय. पण ऐकायचं तर जाणकाराचं. रीतसर लाइफ कोच लावणार, माझ्या गरजांना साजेसा. या आठवड्यात निवड पूर्ण.

१७ सप्टेंबर
निवड सुरू. अजून पाहतोय.
ऑफिसात आज गोंधळ. चुसोकच्या रेल्वे तिकिटांचं बुकिंग सकाळी उघडलं आणि कॉफी संपायच्या आत तिकिटं संपली. महिनाभर सगळ्यांना बजावत होतो, आधीपासून टपून बसा म्हणून. ऐकलं नाही. आता बसलेत एवढंसं तोंड करून. पाणी शुद्ध करायची यंत्रं विकतात, डोक्यातला गाळ तसाच.

२० सप्टेंबर, शनिवार
पहिला कोच, जू. वेबसाइटवर पोक्त दिसत होता. प्रत्यक्षात पोरगेला. बसल्या बसल्या जन्मसाल विचारलं. मी सैन्यात सक्तीची नोकरी करत होतो तेव्हा हा पाळण्यात. आणि हा मला विचारणार, सर, तुम्ही आतून कसे आहात! मी त्याला त्याच्या धंद्यात काय चुकतंय ते नीट समजावलं. निघताना म्हणाला, सर, पूर्ण तासात मी चार वाक्यं बोललो. मी म्हटलं, वयाच्या मानाने पुष्कळ झाली.
घरी येऊन येरिमला सांगितलं. बंधू-भगिनी, आत्या-काका करतातच, आता पोटची पोरही थट्टा करते. म्हणाली, आप्पा, कोच शोधताय की सासरा?
ठराव: वयाने मोठाच पाहिजे. लहानाचं ऐकलं तर ते ऐकणं नव्हे, शरण जाणं.

२४ सप्टेंबर
दुसरा कोच, ओम. डोकं पांढरंशुभ्र. आशा वाटली. जन्म विचारला तर चौऱ्याहत्तरचा फेब्रुवारी. माझा त्र्याहत्तरचा नोव्हेंबर. म्हणजे मी मोठा. विषय संपला.
पण नाही. तो म्हणे, शाळा मार्चमध्ये सुरू व्हायची, फेब्रुवारीतल्या पोरांना एक वर्ष आधीच घालायचे, म्हणून तो त्र्याहत्तरवाल्यांच्याच वर्गात शिकला. सबब आम्ही बरोबरीचे. मी म्हटलं, शाळेत लवकर गेल्याने माणूस लवकर जन्मत नाही. तो म्हणाला, माझे सगळे वर्गमित्र तुमच्या वयाचे, ते मला अरे-तुरे करतात, त्यांचं काय करू? मी म्हटलं, त्यांचीही चूक दाखवून द्या. तास यातच गेला. शेवटी त्याच्या तोंडून निघालं, अरे बाबा, ऐकून तर घे.
मी उठलो. म्हटलं, 'अरे' मागे घ्या. म्हणाला, घेतो, आधी तू बस.
बसलो नाही.

२८ सप्टेंबर, रविवार
तिसरी कोच, हाम बाई. फक्त ऑनलाइन. पानावर लिहिलंय, तुमची गरज मोकळेपणाने सांगा. सांगितली. मिरानने कसं वागायला हवं, येरिमने कसं, ऑफिसातल्यांनी कसं. दोन पानं झाली. शेवटी अदबीने जन्मसाल विचारलं.
उत्तर लगेच आलं. बाई म्हणतात, मी तुम्हाला साजेशी नाही. पण तुमच्याबरोबर राहणाऱ्यांना आधाराची गरज दिसते, त्यांना जरूर पाठवा.
काय हे धंदेवाईक लोक. तरी तिच्या फायद्याचं म्हणून ते उत्तर मिरानला पुढे पाठवलं. तिने वाचल्याचं दिसतंय. 

१ ऑक्टोबर
फ्रिज माझ्या पद्धतीने पुसला. लख्ख झाला. दाखवायला कुणी नाही.
तिची आठवण येते. हे इथे लिहून ठेवतो, बाकी कुठे बोलायचं कारण नाही.

३ ऑक्टोबर, सुट्टी
सापडला. क्वाक सर, वय बहात्तर, निवृत्त मुख्याध्यापक. जोंगनोत तांदळाच्या मिठाईच्या दुकानावर खोली. जिना चढताच म्हणाले, ये रे, बूट नीट लाव. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. बूट नीट लावले.
मी सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, घरात तुझ्याहून मोठं कोण? मी म्हटलं, कुणी नाही, मीच. म्हातारा नुसता बघत बसला. मी सांगितलं की लग्नात माझ्या आईने सगळ्यांना आम्ही एकाच वयाचे म्हणून सांगितलं होतं आणि तेच धरायचं असं ठरलंय. तरी बघत बसला. मग निघालं तोंडातून. मिरान दीड वर्षाने मोठी.
हसले, हसले, ठसका लागला. म्हणाले, गाढवा, मोठं माणूस घरात होतं आणि तू कुणाकुणाची जन्मसालं विचारत हिंडलास?
गृहपाठ दिला. तिला फोन करायचा. ती म्हणेल त्याला हो म्हणायचं. 'हो'च्या पुढे एक अक्षर नाही. सरांनी सराव करून घेतला. मी म्हटलं, हो, पण एखादे वेळी. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

५ ऑक्टोबर, रविवार, सकाळ
उद्या चुसोक. आरशासमोर हो म्हणून पाहिलं. छान जमतं. माझ्या आवाजात मुळातच वजन आहे.
सोंगप्योन आणली, सणाची तांदळाची मिठाई, तिळाची, मिरानच्या आवडीची. फोन करतो.

दुपार
अपेक्षेबाहेर यश.
मिरानने उचलला. क्वाक सरांचं सगळं सांगितलं, वयाचंही. ती बराच वेळ हसली. महिन्याभरात पहिल्यांदा ते हसू ऐकलं. मग विचारलं, म्हणजे आता माझं ऐकणार? हो. फ्रिज मी पुसेन तसाच पुसायचा? हो. शेजारी उभं राहून सूचना नाहीत? हो. स्वतःचं कौतुक वाटलं.
मग म्हणाली, खरं सांगू, मी बसमध्येच बसलेय. सुटतेय आता. संध्याकाळी जेवायला घरी.
हो, म्हटलं. पण.
पण सणाच्या आदल्या दिवशी बसने येणं म्हणजे वेडेपणा. हायवे तुंबणार, पाय आखडणार, वर लघवीची पंचाईत. रेल्वे दोन तासांत आणून सोडते. कुणीही जाणकार हेच सांगेल.  तिने विचारलं, उतरू म्हणतोस? मी म्हटलं, अर्थात. नक्की? नक्की. म्हणाली, बरं, उतरते.
लग्न झाल्यापासून तिने माझं ऐकलेलं हे पहिलंच उदाहरण. आणि मी तिचं किती ऐकलं! सरांना लगेच कळवलं. त्यांचं उत्तर एका शब्दाचं: तिकीट?
म्हाताऱ्यांना मुद्दा पटकन कळत नाही.

संध्याकाळ
येरिम आली. सगळं सांगितलं. ती बूट काढता काढता थांबली. म्हणाली, आप्पा, कुठली रेल्वे? ही तिकिटं कधी संपली?
सतरा सप्टेंबरला. कॉफी संपायच्या आत. मीच सगळ्यांना सांगत होतो.
ती गॅलरीत जाऊन आईशी बोलली. दार लावून घेतलं होतं. आत येऊन म्हणाली, स्टेशनवर उभ्याने यायचंही तिकीट नाही. बसमधली तिची जागा दुसऱ्या कुणीतरी घेतली. आई मावशीकडे परत गेली. आता कधी येणार ते काही बोलली नाही.
मग तिने टेबलावरच्या तीन वाट्यांतली एक उचलून कपाटात ठेवली. म्हणाली, आप्पा, जेवताना आज काही बोलू नका.
मी म्हटलं, हो.