फेब्रुवारीअखेर एक ट्रॉफी

९ नोव्हेंबर, रविवार

आजपासून रोजनिशी. मोठे धावपटू लिहितात. पुढे पुस्तक काढायचं झालं तर सोयीचं पडेल.

आज चेन्नईतली मोठी रेस केली. हजारो माणसं. सुरुवातीला पुढच्याच्या टी-शर्टवरची डोकेदुखीच्या गोळीची जाहिरात वाचत होतो, शेवटालाही तीच. गर्दी नसती तर माझा वेग दिसला असता.

घरी आलो. पोहे गार झाले होते. जयवंती नऊपासून थांबली होती. मेडल दाखवलं. म्हणाली, हे प्रसादासारखं सगळ्यांना मिळतं, ह्याचं काय कौतुक. मग बराच वेळ बोलत होती. सांगलीहून इथे बदली होऊन दीड वर्ष झालं, तमिळ येत नाही, भाजीवालीशीसुद्धा हातवारे करून बोलावं लागतं, मुलगा अमोघ पुण्यात, अख्ख्या आठवड्यात बोलायला तुम्ही एक रविवारचे, तर तुम्ही पहाटे पळता आणि दुपारभर घोरता.

तडजोड झाली. फेब्रुवारीअखेरपर्यंत पहिल्या तिघांत येऊन एक खरी ट्रॉफी आणायची. नाही जमलं तर शूज माळ्यावर आणि रविवार तिचे. मी लगेच हो म्हणालो. बिचारीला अंदाज नाही.

१२ नोव्हेंबर

स्ट्रॅटेजी ठरली. साध्या रेसमध्ये गर्दी असते, म्हणून नंबर येत नाही. विचित्र रेसमध्ये माणसं कमी. त्यात पन्नाशीच्या पुढचा गट म्हणजे मोकळं मैदान. आमच्या बँकेच्या एग्मोर ब्रँचमधला वेंकट पळतो. तिशीचा आहे, अंगावर मांस नाही. त्याने अशा रेसची माहिती गोळा करून दिली. म्हणाला, सर, आधी थोडं वजन कमी करा. मी म्हटलं, वजन हा मागे ढकलणारा नाही, उतारावर पुढे नेणारा घटक आहे. तो म्हणाला, चेन्नईत उतार नाही सर.

१६ नोव्हेंबर, रविवार

उलटं पळायची रेस. इथेच तांबरममध्ये, एका कॉलेजच्या ग्राउंडवर. ह्यात फायदा असा की मागे राहिलेली माणसं डोळ्यांना दिसत राहतात. सुरुवातीला मला बऱ्याच पाठी दिसत होत्या. मग त्या एकेक करून बाजूने सरकल्या आणि दिसेनाशा झाल्या. एका आजोबांची पाठ बराच वेळ होती, नंतर तीही गेली. शेवटची फेरी तर मी एकटाच, समोर रिकामं मैदान. इतकं मागे टाकलं होतं सगळ्यांना.

पोचलो तेव्हा बक्षीस समारंभ संपला होता आणि खुर्च्या टेंपोत चढवत होते. आयोजनात शिस्त नाही. वेंकटच्या मते मी शेवटचा आलो. तो फिनिश लाइनवर उभा होता, तिथून अँगल वेगळा पडतो.

३० नोव्हेंबर, रविवार

जिन्याची रेस. ओएमआर रस्त्यावरची आयटीवाल्यांची बिल्डिंग, तीस मजले. मी पहिले चार मजले असे चढलो की सिक्युरिटीवाला बघत राहिला. नवव्यावर गुडघ्याने विचारलं, अजून किती. चौदाव्यावर एका कंपनीची पँट्री उघडी दिसली, पाणी प्यायलो. तिथे कॉफीचं मशीन होतं, समोर सोफाही होता.

नंतर खाली यायला लिफ्टमध्ये शिरलो, ती वर गेली. तिसाव्या मजल्यावर दार उघडलं तर समोर पंच आणि फोटोग्राफर. टाळ्या पडल्या. दोन सेकंद मीही हात वर केला. मग कोणीतरी लिफ्टकडे बोट दाखवलं.

जयवंतीला सांगितलं, तांत्रिक कारणाने निकाल राखीव आहे. तिने पोहे पुन्हा गरम करून दिले.

७ डिसेंबर, रविवार

रेस नाही. जयवंती म्हणाली, एक रविवार फक्त, आज महाबलीपुरमला जाऊया, दीड वर्षात समुद्र फक्त एकदा पाहिलाय. मी समजावलं की विश्रांती हा ट्रेनिंगचाच भाग असतो. झोपलो. उठलो तर दिवेलागण झाली होती आणि ती गॅलरीत बसून खालची रहदारी बघत होती. म्हटलं, चहा? म्हणाली, मघाशीच घेतला. विश्रांतीमुळे पाय एकदम हलके झालेत.

२१ डिसेंबर, रविवार

आजची रेस खरं तर माझीच होती.

मैलापूरच्या गल्ल्यांत सध्या मार्गळी ह्या तमिळ महिन्यामुळे दारोदारी पहाटे रांगोळ्या. इथे कोलम म्हणतात. रेसचा नियम एकच: कोलमवर पाय पडला तर त्याच घरापुढे उभं राहायचं, घरची बाई जा म्हणेपर्यंत. मी मनात म्हटलं, रांगोळी काय, उंबऱ्याच्या कडेला वीतभर असते. आपण रस्त्याच्या मधोमध पळायचं.

इथल्या बायका अख्खा रस्ता अडवतात, हे कोणी सांगायला नको का? तिसऱ्या गल्लीत घड्याळात वेग बघत होतो. खाली पाहिलं तर मी एका भल्यामोठ्या कमळाच्या बरोब्बर मध्ये. चारही बाजूंना पाकळ्या. मग उलटं पळायचा अनुभव वापरून, आलो त्याच पावलांवर मागे जायचं ठरवलं. त्यात उरलेलं कमळही गेलं.

दारात एक साठी उलटलेली बाई, नऊवारीसारखं लुगडं, नाकात दोन्हीकडे चमक्या. मी घाबरून मराठीत पुटपुटलो, आता काही खरं नाही. तर ती म्हणते, तुम्ही मराठे की? मी गार. नाव कनका. मूळचे तंजावरचे, कित्येक पिढ्या तिकडेच, आता चेन्नईत. तिचं मराठी म्हणजे शिवकालीन कागद कोणीतरी तमिळ चालीत वाचतंय असं. म्हणाली, पुसली तर पुसली की रांगोळी, माणूस पडला नाहीं ते पुरे. काफी घेऊन जा. कॉफी, उपमा, घराण्याचा सगळा इतिहास. मधून मधून मी रस्त्याकडे बघत होतो. सगळे पळून गेले. जा म्हणायचं ती विसरलीच.

निघताना म्हणाली, घरच्या बाईला घेऊन या एकदां, मराठी बोलायला माणूस मिळत नाहीं. तिलाही नाही आणि जयवंतीलाही नाही, म्हणजे मोठीच गंमत.

२३ डिसेंबर

जयवंतीला रेसची हकिगत सांगितल्यापासून ती अस्वस्थ. म्हणे, पवित्र महिन्यात कोणाच्या दारची रांगोळी तुडवून आलात आणि वर उपमा खाल्लात. आज मी ब्रँचमध्ये असताना एकटी गेली. मांबळमपर्यंत ट्रेन, पुढे बस. कनकाबाईंच्या दारात स्वतः रांगोळी काढून दिली आणि माझ्या वतीने माफी मागून आली.

संध्याकाळी खूप बोलत होती. कनकाअक्कांची आई चैत्रांगण काढायची. गुढीपाडव्यानंतर महिनाभर अंगणात काढतात ती, मधे पाळण्यातली गौर, भोवती शंख, चक्र, कासव. अक्कांना नाव आठवतं, काढायचं कसं ते पुसलं गेलंय. जयवंतीला सगळं पाठ आहे. अर्धं ऐकलं, मग डोळा लागला. समुद्रकिनाऱ्याच्या रेसची तयारी सुरू आहे.

४ जानेवारी, रविवार

वाळूवरची अनवाणी रेस, बेसंट नगर. वाळू हा अन्यायकारक पृष्ठभाग आहे. हलकी माणसं वरून जातात, माझ्यासारखा भारदस्त माणूस खाली जातो. त्यात सुंडल, म्हणजे खोबरं घातलेले उकडलेले चणे, विकणाऱ्याचा घमघमाट ऐन वळणावर. दोन वेळा थांबलो. एकदा पायासाठी, एकदा सुंडलसाठी.

घरी कुलूप. किल्ली शेजारी ठेवली होती. जयवंती मैलापूरला गेलेली. जेवण झाकून. मला बरं वाटलं. माझी शिस्त बघून तीही घराबाहेर पडायला लागली.

१८ जानेवारी, रविवार

पोंगलनिमित्त ऊस खांद्यावर घेऊन पळायचं. अख्खा ऊस, पाल्यासकट. आम्ही सांगलीची माणसं, उसात वाढलेली, हे ह्या लोकांना काय माहीत. सुरुवात झकास. वळणावर मी वळलो, ऊस उशिरा वळला. मागच्या तिघांना लागला. त्यातले दोघे माझ्याच गटातले. तेव्हा वाटलं, आता नक्की. पण ते उठले.

घरी आलो. जयवंती फोनवर, कोणाला तरी म्हणत होती, कासव मोठं नको, शंखाच्या शेजारी बसवा. मला बघून हाताने ताट दाखवलं. काय झालं विचारलंसुद्धा नाही. पूर्वी किती चिडायची. ह्यालाच घरचा पाठिंबा म्हणतात.

१ फेब्रुवारी, रविवार

आज शर्टाला बिब नंबर लावून आरशासमोर उभा राहिलो आणि विचार केला. महिना उरला. आणखी दोन विचित्र रेस झाल्या, त्यांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. एकीत डोक्यावर मडकं होतं.

पण वेंकटने हिरा शोधून काढला. २२ तारखेला जोडी रेस. नवरा-बायकोने एकमेकांचा हात न सोडता पळायचं. दोघांची वयं मिळून शंभर भरली की ज्येष्ठ गट. माझी पन्नाशी उलटली, तिची गाठत आली, बेरीज बरोबर बसते. आणि त्या गटात आत्तापर्यंत नावं आली आहेत दोन जोड्यांची. आम्ही तिसरे. ट्रॉफ्या तीन. चालत गेलो तरी चालेल, फक्त पोचायचं आहे. नाव देऊन टाकलं.

ट्रॉफी फ्रिजवर ठेवायची की टीव्हीजवळ, हे तिच्यावर सोडावं.

३ फेब्रुवारी

सांगायला मुहूर्त मिळाला नाही. ती आली तेव्हा हाताला कोलमाचं पीठ, पाठोपाठ फोन. अक्कांकडे आता बऱ्याच बायका जमतात. सगळ्या तंजावरी मराठी. घरात मराठी, बाहेर तमिळ, तरण्या मुली सगळीकडे इंग्रजी. जयवंती त्यांना चैत्रांगण शिकवते. त्या तिला तमिळ शिकवतात. काल भाजीवालीशी तिने घासाघीस केली आणि भाजीवाली हसली. मला एक शब्द कळला नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

आज सांगितलं. म्हटलं, जयू, तुझ्यासाठी सरप्राइज आहे. जोडीने पळायचं, हातात हात, समुद्राकाठी. समुद्र हा शब्द मुद्दाम घातला.

तिने सगळं नीट ऐकून घेतलं. म्हणाली, छान आहे हो. पण २२ ला मला जमायचं नाही, आम्ही सगळ्या तंजावरला चाललोय. अक्कांच्या मूळ घराच्या अंगणात एकदा चैत्रांगण काढून बघायचं ठरलंय. एग्मोरहून तिकिटं काढलीत, कार्यक्रम महिन्यापूर्वीच ठरला.

मी म्हटलं, एक रविवार फक्त. मग मलाच ते वाक्य कुठेतरी ऐकल्यासारखं वाटलं. माझ्या तोंडून नाही, तिच्या.

१० फेब्रुवारी

वेंकटला विचारलं, जोडीदार बदलून चालतो का. म्हणाला, बायको बदलता येत नाही सर. तू येतोस का विचारलं. त्याने नियम पुन्हा वाचून दाखवला.

२२ फेब्रुवारी, रविवार

काल तिला गाडीत बसवायला एग्मोरला गेलो होतो. स्टेशनवर सगळ्या बायका. कनकाबाईंनी ओळख करून दिली, हे आमच्या जयवंतीचे यजमान, हे कोलमवर पळतात. सगळ्या हसल्या. जयवंतीही हसली. खिडकीत बसलेली, केसांत मल्लिगैचा, म्हणजे मोगऱ्याचा, गजरा, सगळ्यांशी एकाच वेळी बोलत होती. सांगलीत अशी बोलायची, आमचं लग्न झालं तेव्हा. इथे आल्यापासून मी तिचं हे बोलणं ऐकलं नव्हतं. गाडी हलली तेव्हा तिने हात केला, पण वाक्य दुसरीकडे चालू होतं.

आज जोडी रेस झाली. तिसरी ट्रॉफी न वाटता तशीच उरली, असं वेंकटने कळवलं. आयोजकांनी ती परत नेली.

२५ फेब्रुवारी

मी आज मोठेपणा दाखवला. मुदत संपायच्या आधीच हार कबूल केली. शूज माळ्यावर टाकले, शिडी स्वतः आणली. ती स्वयंपाकघरात होती, तिथे जाऊन म्हटलं, ठरल्याप्रमाणे आजपासून माझे सगळे रविवार तुझे.

खरं सांगायचं तर मला ती खूश होईल असं वाटलं होतं. गेले तीन दिवस मनात हेच घोळत होतं, की महाबलीपुरमला न्यायचं, वाळूत बसायचं, तिने बोलायचं आणि मी जागं राहायचं.

ती म्हणाली, अहो, ते होय. विसरलेच होते मी. टाकू नका शूज, तुम्हाला आवडतं ना पळायला, मग पळा की. माझे रविवार आता चैत्र संपेपर्यंत लागलेत. पाडव्यानंतर तर रोज एकेकीच्या अंगणात जायचंय.

तिच्या बोलण्यात राग नव्हता. रागाने म्हणाली असती तर मला उत्तर देता आलं असतं.

१ मार्च, रविवार

रेस नाही. पहाटे सवयीने जाग आली. ती निघायच्या तयारीत. म्हटलं, मी येऊ का सोबत. म्हणाली, तिथे सगळ्या बायका, तुम्ही अवघडून बसाल. आणि जपून बोलली, पायही पडतो तुमचा.

मग दिवसभर घरी. पेपर दोनदा वाचला. आंघोळीला उशीर केला, जेवणाला लवकर बसलो. झोप आली नाही. गॅलरीत खुर्ची टाकून खालची रहदारी बघितली. एवढा मोठा असतो रविवार, हे मला माहीत नव्हतं. फार एकटं वाटलं. तिला फोन केला, तर मागे बायकांचा हसण्याचा आवाज, आणि ती म्हणाली, काही काम होतं का. म्हटलं, नाही, सहज.

दिवे लागल्यावर आली. चहा मी केला. विचारलं, चैत्र संपल्यावर तरी एखादा रविवार मोकळा आहे का. तिने फोन काढून बघितलं, बराच वेळ खाली-वर केलं, आणि म्हणाली, एप्रिलच्या शेवटी एक निघेल बहुतेक, अक्कांना विचारून सांगते. तुमची तेव्हा रेस नाही ना?

म्हटलं, नाही. माझं तेव्हा काहीच नाही.