हरलेल्याने लिहायचं पत्र

१३ मार्च १९८८

श्री. भिंगोबा यांस,
स. न. वि. वि.

ठरल्याप्रमाणे लिहीत आहे. काल आमचा छापखाना क्लब तुमच्या काच कारखाना क्लबाकडून एक-शून्य असा हरला. हरलेल्याने चोवीस तासांत जिंकलेल्याला स्वतःच्या हाताने पत्र लिहायचं, दोन गल्ल्या सोडून राहत असला तरी पोस्टानेच पाठवायचं, आणि त्यात समोरच्या संघाची निदान एक स्तुती मनापासून करायची, ही तुझ्या बहिणीचं माझ्याशी लग्न ठरताना तूच घातलेली अट. त्या वेळी मी कशालाही हो म्हणत होतो.

स्तुती अशी, की तुमच्या गोलकीपरच्या बुटांना उत्तम पॉलिश होतं. हे वाक्य बेबीने वाचलं आणि ही मनापासूनची नाही म्हणून पत्र परत केलं. तेव्हा दुसरी. तुमच्या त्या ठेंगण्याने गोल करण्याआधी एकदा वर पाहिलं. आमच्यातला कोणीही आधी वर पाहत नाही. मी बावीस वर्षं छापखान्यात खिळे जुळवतो आहे. पुढचं अक्षर कुठल्या कप्प्यात आहे हे हाताआधी डोळ्याला ठाऊक असावं लागतं, म्हणून मला ते दिसलं. रात्रभर त्याचा राग आला.

बेबी मजेत आहे. दोन मैदानांमधल्या भिंतीला तुमच्या बाजूने रंग लावल्याचं कळलं. आमची बाजू तशीच राहील.

आपला लोभ एका गोलाने कमी होऊ नये, दोनांनी झाला तर समजू शकतो.
तुझा,
जुळारी

२६ ऑक्टोबर १९९९

जुळारीस,
स. न. वि. वि.

पत्राला नऊ दिवस उशीर झाला. मॅच शनिवारी झाली, आम्ही तीन-एक हरलो, आणि रविवारी सकाळी ही गेली. त्यामुळे राहिलं.

तू सोमवारी आलास, चार तास बसलास. लोकांचे चहाचे कप विसळून ठेवलेस. जाताना दारात चपला घालत म्हणालास, "पत्र अजून यायचंय हं." माझी मुलगी आतून ऐकत होती. तिने तुझं नाव टाकलं आहे. मी तिला समजावायच्या भानगडीत पडलो नाही.

पण तुला सांगतो. त्या आठवड्यात भेटणारा प्रत्येक जण मला सांगत होता की तुम्ही आता काही करू नका, नुसते पडून राहा. माझ्याकडून काहीतरी हवं असलेला तू एकटाच.

स्तुती: तुमचे तिन्ही गोल चांगले होते. दुसरा जरा जास्तच.

लोभ ठेव, मी आहे.
भिंगोबा

२ एप्रिल २०१४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझी तब्येत आणि कानातलं यंत्र दोन्ही ठीक असावीत. मुलीकडे राहायला जाऊन वर्ष झालं, आता तिथली खिडकी आणि शेजारी अंगवळणी पडले असतील. फोन न करता लिहिते आहे, कारण फोनवर तुला ऐकू जायचं तर मला ओरडावं लागतं, आणि हे ह्यांच्यासमोर ओरडून सांगण्यासारखं नाही.

ह्यांना दवाखान्यातून घरी आणून पाच आठवडे झाले. उजवा हात तसाच आहे. बोलणं म्हणजे अजून नुसता आवाज. मंगळवारी आणि शुक्रवारी बोलायला शिकवणारी बाई येते, दार लोटून घेते आणि आरशासमोर बसवून ओठ हलवायला लावते. मला आत येऊ देत नाहीत, ह्यांना लाज वाटते म्हणे. डॉक्टरांना मी विचारलं की ह्यांना किती समजतं, किती आठवतं. ते म्हणाले, सांगता येत नाही, धीर धरा. धरला आहे. पण दादा, ज्या माणसाने जन्मभर माझ्या वाणसामानाच्या यादीतल्या चुकासुद्धा पेन्सिलीने दुरुस्त केल्या, तो आता माझ्याकडे नुसता बघतो. तो आत आहे की नाही, एवढंच मला कळायला हवं आहे. हात नाही आला तरी मी भागवीन.

आता मूळ मुद्दा. शनिवारी मॅच झाली. आमच्या खिडकीतून मैदान दिसत नाही, नुसता आरडाओरडा येतो, आणि तो कुणाचा हे मला कधीच ओळखता आलं नाही. निकाल दूधवाल्याने सांगितला. चार-शून्य, तुम्ही जिंकलात. अभिनंदन. मी खोलीत गेले तर ह्यांनी भुवया वर केल्या. आणि मी म्हटलं, आपण जिंकलो, दोन-एक.

का म्हटलं ते विचारू नकोस. शाळेत खोटं बोललं की सिस्टर तीच ओळ शंभरदा सुवाच्य अक्षरात लिहायला लावायच्या. त्या धाकाने जन्मभर जपून ठेवलेलं माझं एकुलतं एक मोठं खोटं फुटबॉलवर खर्च झालं.

ह्यांच्या चेहऱ्याची डावी बाजू हसली. पाच आठवड्यांत पहिल्यांदा. मग डाव्या हाताने दाराकडे बोट केलं. मला आधी कळेना. दाराला पत्रपेटी आहे, दादा. हरलास तू, तर तुझं पत्र यायला हवं. सोमवारपासून खुर्ची दाराकडे वळवून घेऊन बसतात.

तेव्हा एक हरल्याचं पत्र लिही. दहा ओळी पुरेत.

माझ्यावर रागावशील, तरी माया असू दे.
तुझी,
बेबी

५ एप्रिल २०१४

चि. सौ. बेबीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. यंत्र ठीक आहे, तब्येत यंत्रापेक्षा बरी.

चार-शून्य जिंकलेल्या मॅचबद्दल हरल्याचं पत्र मी लिहिणार नाही. तू गैरसमज करून घेऊ नकोस, पण चौतीस वर्षं मी कारखान्यात एकच काम केलं. बाटली उजेडाला धरायची आणि काचेत बुडबुडा असला तर बाजूला काढायची. एकदा दिवसभराचा सगळा माल बाजूला काढला होता. साहेब स्वतः खाली येऊन म्हणाले की जाऊ द्या, कोण बघतंय. मी म्हटलं, मी बघतोय. त्यानंतर माझी बढती कधी झाली नाही आणि मला भिंगोबा म्हणायला लागले. ते नाव पहिल्यांदा तुझ्या नवऱ्यानेच ठेवलं.

शिवाय चार-शून्य ही गोष्ट आमच्याकडे वीस वर्षांत झालेली नाही. मी ती रेडिओवर शेजाऱ्याला बोलावून, प्रत्येक गोल त्याच्याकडून कानात दोनदा वदवून घेऊन ऐकली. तो आता माझ्याकडे येत नाही.

तू त्याला खरं सांग. वाईट वाटलं तर वाटू दे. चार-शून्यचं वाईट वाटायलाच हवं.

आशीर्वाद आहेतच, ते या नकारात धरू नयेत.
दादा

८ एप्रिल २०१४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं बरोबर आहे. दोनदा सांगायला गेले. पहिल्यांदा हातातला चहा सांडला. दुसऱ्यांदा सांडायला काही नव्हतं, तरी सांगता आलं नाही.

सकाळी नऊ ते साडेअकरा ते दाराशी असतात. काल पेटीत विजेचं बिल पडलं. ते उचलून त्यांनी मांडीवर ठेवलं, उलटसुलट केलं आणि मला दिलं. आज पोस्टमनने स्वतःहून दार वाजवून आमच्यासाठी काही आलं नसल्याबद्दल माफी मागितली. त्याचा काय दोष.

दादा, वहिनी गेल्या तेव्हा हे तुझ्याकडे येऊन बसले होते. काय बोलणं झालं ते मला कधी सांगितलं नाहीत. तुला काही करायला लावावं म्हणून ही आठवण काढलेली नाही. सहज आठवलं.

उन्हात फिरू नकोस. माया असावी.
बेबी

११ एप्रिल २०१४

चि. सौ. बेबीस,
अनेक आशीर्वाद.

सहज आठवलं म्हणे.

सोबत वेगळं पत्र आहे, ते त्याला दे. त्यात एकही वाक्य खोटं नाही. तू दोन-एक सांगितलंस हे बरं केलंस. दोन-एक असे आम्ही त्यांच्याकडून एकदाच हरलो, एकोणनव्वद साली. ती मॅच त्याने आणि मी मधल्या भिंतीवर शेजारी बसून पाहिली होती. मी ती जशी झाली तशी लिहिली आहे. तारीख घातली नाही, खेळाडूंची नावं गाळली. तेव्हाही मी पत्र लिहिलंच होतं, पण स्तुतीत हात आखडता घेतला होता. ती आता पुरी केली. म्हणजे मी खोटं लिहिलं नाही, पंचवीस वर्षं उशिरा लिहिलं.

आमचे चार गोल मी कुठेही नाकारलेले नाहीत. फक्त त्यांच्याबद्दल बोललो नाही. हे किती जड गेलं ते तुला कळणार नाही.

आशीर्वाद.
दादा

(सोबतचं पत्र)

जुळारीस,
स. न. वि. वि.

आम्ही हरलो, दोन-एक. पहिला गोल तुमचा, उजवीकडच्या कॉर्नरवरून. आमचा गोलकीपर उडी मारून पडला, त्याची टोपी उडाली आणि चेंडू टोपीवरून आत गेला. मग आम्ही बरोबरी केली आणि मला वाटलं आता सुटलो. सत्तराव्या मिनिटाला तुमच्या त्या काडीसारख्या पोराने चिखलातून चेंडू काढला. त्याच्या अंगावर आमचे तिघे होते. त्याने पडता पडता मारला. बेबीची शपथ, त्या क्षणी मीही टाळी वाजवली. तू पाहिलंस की नाही कोण जाणे. मी लगेच हात खिशात घातले.

हे तुला कधी सांगितलं नव्हतं. हीच स्तुती समज.

लवकर उठून चालायला लाग. भांडायला इथे कोणी नाही. लोभ जसा आहे तसा राहू दे.
भिंगोबा

१६ एप्रिल २०१४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं, काल ह्यांना दिलं. वीस मिनिटं वाचत होते. मग घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवलं आणि खुर्ची खिडकीकडे वळवायची खूण केली. पोस्टमन सुटला. तुझे उपकार कसे मानू.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही, ते तुलाच लिहिते.

मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. पण दादा, टोपी उडाली असं तू लिहिलंस. आता कुठला गोलकीपर टोपी घालतो? मैदानावर चिखल म्हणतोस, आणि इथे तीन महिने पावसाचा थेंब नाही. मलासुद्धा ते तिसऱ्या-चौथ्या ओळीत खटकलं. ह्यांना काही खटकलं नाही. मी मुद्दाम शेजारी टोक काढलेली पेन्सिल ठेवली होती. तिला हात लावला नाही. पूर्वी लग्नाच्या निमंत्रणपत्रिकासुद्धा दुरुस्त करून परत पाठवणारा माणूस, नुसतं वाचून घडी घालतो.

म्हणजे मला जे कळायला हवं होतं ते कळलं. तुझा काही दोष नाही, तू फार चांगलं लिहिलंस. आपल्या कॉलनीत तुझ्यासारखं लिहिणारं कोणी नव्हतं.

मी बरी आहे. जेवते, झोपते. ह्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवते, मधेच एखादी ओळ गाळते आणि वाट बघते. काही होत नाही, मग पुढे वाचते.

दोन ओळी पाठव. माया असू दे.
बेबी

२२ एप्रिल २०१४

भिंगोबास,
स. न. वि. वि.

डाव्या हाताने लिहितो आहे. अक्षर माझं नाही, मजकूर माझा. दार लोटून तीन बैठका लागल्या. बोलायला शिकवणारी बाई पोस्टात टाकेल. बेबीला ठाऊक नाही.

आम्ही चार-शून्य हरलो. चोवीस तासांत पत्र गेलं नाही, कारण तुला माहीत आहे. बेबीने दोन-एक सांगितलं तेव्हा मी सगळं मोजून बसलो होतो. तुमचा ओरडा भिंतीच्या पलीकडून येतो, आमचा अलीकडून. अलीकडून काहीच आलं नाही. तिला इतकं वाईट खोटं बोलताना पाहून हसू आलं. मग तू काय करतोस ते पाहायचं होतं. तू खोटं लिहिलं नाहीस. साल बदललंस.

चुका. कॉर्नर डावीकडचा. टोपी उडाली नाही, त्याने रागाने फेकली, गोल झाल्यावर. सत्तरावं नव्हे, बहात्तरावं मिनिट. टाळी मी पाहिली होती.

पेन्सिल तिने समोर ठेवली ती कशासाठी ते कळलं. तेव्हा उचलली असती तर वेडंवाकडं अक्षर दिसलं असतं. पहिली ओळ नीट येईपर्यंत तिला दाखवायची नाही असं ठरवलं होतं. ते चुकलं. ती वर्तमानपत्रातल्या ओळी गाळते, रडकुंडीला येते आणि पुढे वाचते. त्यामुळे आता थांबता येत नाही.

स्तुती: मॅच पाहिली नाही, ऐकली. तीन गोलांना तुमचे लोक ओरडले. चौथ्याला नुसत्या टाळ्या वाजवल्या. आमच्यावर चौथा चढला तेव्हा कोणी ओरडलं नाही, हे मी विसरणार नाही.

तू बेबीला काही कळवू नकोस. मीच सांगणार आहे, तोंडाने. एकेक अक्षर यायला लागलं. 'ह' येतो. 'ल' कालपासून येतो. 'हरलो' म्हणायला 'र' लागतो, तो अजून जिभेवर येत नाही. रोज आरशासमोर बसतो. शुक्रवारी ती चहा घेऊन येईल तेव्हा, आला तर आला, नाही तर त्याच्याशिवाय सांगेन.

लोभ ठेव.
जुळारी