पाच फूट दोन इंच

अमरावती,
४ ऑगस्ट २०२५

चि. उद्धव यास ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे पाकीट मिळाले. नरनाळ्याच्या महाकाली दरवाजाचा फोटो परत पाठवते आहे. खाली इतिहास झकास लिहिला आहेस, पण हा किल्ल्याचा दरवाजा आहे की आपल्या कपाटाचे दार, हे काही कळत नाही. तीस वर्षे मोजणी खात्यात काढलेल्या माणसाला, फोटोत मापाला कुणीतरी उभे करावे, हे मी सांगायचे का?

माप म्हणजे तुझी भाची, हे मला माहीत आहे रे. पाच फूट दोन इंच. आमच्या परकोटाची भिंत किती जुईल्या, असदगडाचा बुरूज किती जुईल्या, असेच तू लिहायचास. वहीची कल्पनाही माझ्या जुईलीचीच: फोटो आणि इतिहास मामाचा, चार ओळी आईच्या. एकतीस पाने झाली. बत्तिसावे सेमाडोहचे, ते कोरे आहे. पोर तिथल्या नदीत बुडाली त्याला नऊ महिने झाले, आणि त्या दिवशीचे फोटो तू अजून दाखवत नाहीस. ते पाठव. वही पुरी करू.

फोन करत नाही, कारण तुझा आवाज ऐकला की रडू येते. खरे सांगू? दुःखापेक्षा मला तिचा राग येतो. पोहता येत नव्हते, तर पाय धुवायला नदीत उतरायचे कशाला? रोज तिच्या फोटोसमोर उभी राहून मी तिला बोलते. आमची कामवाली पंचफुला परवा म्हणाली की बाई, गेल्या लेकराले काहून बोलता.

एकटा आहेस म्हणून जेवणाची आबाळ करू नकोस. ताईवरचा लोभ वाढता ठेव.

तुझी,
अनुपमाताई


जुने शहर, अकोला,
१२ ऑगस्ट २०२५

ती. ताईस सा. न. वि. वि.

कपाटाचे दार वाचून बऱ्याच दिवसांनी हसलो. सोबत असदगडाचा नवा फोटो आहे. मापाला माझी सायकल उभी केली आहे. माणूस उभा करायला मन होत नाही.

सेमाडोहचे फोटो नीट आले नाहीत. कॅमेऱ्यात ओल गेली होती. त्या पानावर नुसता इतिहास लिहू: कोरकू लोक सागाला सिपना म्हणतात, त्यावरून नदीचे नाव पडले असे सांगतात. फोटोवाचून चालेल.

जुईलीला बोलू नकोस ताई. तिचा दोष नाही.

गुडघा दुखतो, बाकी ठीक. धाकट्यावर माया असू दे.

तुझा,
उद्धव


अमरावती,
३० ऑगस्ट २०२५

चि. उद्धव यास आशीर्वाद. वि. वि.

सायकल पाहिली. किल्ल्यापुढे कुणी दूधवाला विसरून गेल्यासारखी दिसते.

तिचा दोष तुला कधी दिसलाच नाही. लहानपणापासून तिला डोक्यावर तूच बसवून ठेवलेस. मला मात्र तिच्याकडे पाहवत नाही. काल तिचा फोटो भिंतीवरून काढून कपाटात उपडा ठेवला. इतकी का बेफिकीर झाली, एवढेच मनात येत राहते.

बत्तिसाव्या पानासाठी चार ओळी लिहिल्या आहेत. तुझ्या सुवाच्य अक्षरात कागदावर उतरवून पाठव, मी वहीत चिकटवीन.

पाण्याने काही मागितले नव्हते,
वाटेनेही बोलावले नव्हते.
तुझी तूच गेलीस पोरी,
आईला विचारले नव्हते.

लवकर पाठव, आणि आठवण ठेव.

ताई


जुने शहर, अकोला,
९ सप्टेंबर २०२५

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझ्या ओळी उतरवायला तीनदा बसलो. तिसऱ्या ओळीपाशी हात थांबतो. ती ओळ खरी नाही, आणि ते माझ्यामुळे.

जुईली पाय धुवायला गेली नव्हती. नदीच्या काठालाच एक जुना अर्जुन होता. तो बुंध्यापासून शेंड्यापर्यंत फोटोत हवा होता आणि माप बिनचूक यावे म्हणून ती बुंध्याच्या रेषेत हवी होती. मीच तिला मागे सर, मागे सर म्हणत होतो. ती म्हणाली की मामा, मागचा दगड हालून राहिला. मी कॅमेऱ्याला डोळा लावूनच म्हणालो की काही होत नाही, अजून एक पाऊल.

मी तीन फोटो काढले. दुसऱ्यात ती हसते आहे. तिसऱ्यात झाड पूर्ण आले आहे, ती नाही.

कॅमेऱ्यात ओलबिल गेली नव्हती. वनरक्षकाने विचारले तेव्हा पाय धुवायला गेली असे तोंडातून निघाले, आणि तुझ्यासमोरही तेच आले. मग तू तिला बोलत राहिलीस आणि मी बोलू दिले. याची मला फार लाज वाटते. दुसरा फोटो सोबत आहे.

पत्राच्या शेवटी लोभ मागायची रीत आहे. मला मागवत नाही.

उद्धव


अमरावती,
८ डिसेंबर २०२५

चि. उद्धव यास,

पुढचा शब्द लिहायला तीन महिने लागले. अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र वाचले तेव्हा तुझ्या नावाने आंघोळ करावी इतका राग आला. तो अजून आहे, आणि जाईल असे वाटत नाही. दगड हलला त्यापेक्षा तू खोटे बोललास त्याचा जास्त आहे.

आधी जुईलीचा फोटो कपाटातून काढून भिंतीवर लावला आणि तिची माफी मागितली. पंचफुलादेखत मागितली. पोरीला रोज बोलत होते तेही तिच्यादेखतच ना.

बत्तिसावे पान झाले. तू पाठवलेला फोटो चिकटवला. पोर तुझ्याकडे बघून हसते आहे. मामा सांगतो आहे म्हणजे ठीकच असणार, असे तिला वाटले असेल. बेफिकीर नव्हती ती. माझ्या चार ओळी मी खोडल्या. नव्या सुचल्या नाहीत, आणि त्या पानाला इतिहासही नको. खाली एवढेच लिहिले आहे: जुईली, पाच फूट दोन इंच.

नरनाळ्याचा दरवाजा मात्र तसा राहू देणार नाही. येत्या रविवारी सकाळच्या गाडीने अकोल्याला येते. वरूडची संत्री आणते, तुझ्या आवडीची म्हणून नव्हे, रिकाम्या हाताने येववत नाही म्हणून. तिथून आपण दोघे किल्ल्यावर जाऊ.

या वेळी मापाला मी उभी राहीन. चार फूट अकरा इंच, लिहून ठेव. कुठे उभे राहायचे ते तू सांग. मागे सर म्हणालास तर मागे सरेन.

लोभ आहे तेवढा सांभाळ.

ताई